अनुदान मिळालं, ऑर्डर अजून लांब आहे

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. आयडेक्स या संरक्षण खात्याच्या नवउद्योगांसाठीच्या योजनेच्या स्पर्धेत तुमचा संच निवडला गेला, मला फार आनंद झाला. बेअरिंग कधी जाणार हे यंत्राच्या कंपनांवरून आधीच सांगणारी वस्तू हिंगण्याच्या एका शेडमध्ये तयार होते आणि ती वायुसेनेला हवीशी वाटते, ही लहान गोष्ट नाही. पण मेलच्या शेवटी तू विचारलंस की आता नोकरी सोडून दहा माणसं घ्यावीत का, बुटीबोरीला मोठी जागा बघावी का. माझं उत्तर आहे, आत्ता नको. माझी सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या हिशेबाच्या बाजूला गेली. यंत्रातलं तुला जास्त कळतं, पण पैसा कुठून निघतो आणि कुठे अडतो ते मी जवळून पाहिलं आहे.

तुला मिळणार आहेत ते खरेदीचे पैसे नाहीत. आयडेक्स 2018 साली सुरू झालं. ते चालवणारी संस्था एचएएल आणि बीईएल या सरकारी कंपन्यांनी मिळून उभी केली. तिच्याकडून साध्या स्पर्धेत दीड कोटीपर्यंत अनुदान मिळतं. आयडेक्स प्राइममध्ये ही मर्यादा 10 कोटी आहे आणि 2024 मध्ये आलेल्या अदिती योजनेत 25 कोटी. रक्कम एकदम हातात येत नाही, टप्पा पुरा झाला की हप्ता सुटतो, आणि तुमचा स्वतःचा वाटाही तितकाच घालावा लागतो. तो कुठून आणणार हे तुझ्या मेलमध्ये कुठेच नाही. हे सगळे पैसे नमुना तयार होईपर्यंतचे आहेत. नमुना पसंत पडल्यावर पन्नास संच घ्यायचे ठरलं, तर ते पैसे सेनादलाच्या खरेदीच्या तरतुदीतून येतात. तिथली माणसं वेगळी आणि फाइलही वेगळी.

चांगल्या कंपन्या या मधल्या जागेत बुडतात. माल उत्तम असतो, चाचणी घेणारे खूश असतात, आणि ऑर्डर निघेपर्यंत पगाराचे पैसे संपतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तोटा एकट्या कंपनीचा होत नाही. ज्याच्यासाठी ती वस्तू केली, तो जवान जुन्याच साधनावर काम करत राहतो.

भांडवली खरेदीचा, म्हणजे नवी सामग्री घेण्याचा, रस्ता नीट समजून घे. आधी बाजारात काय मिळतं याची माहिती मागवतात, ती आरएफआय. मग सेनादल आपली गरज गुणवत्तेच्या अटींच्या रूपात लिहून काढतं. त्यानंतर गरज मान्य होते, तिला सगळे एओएन म्हणतात. मोठ्या प्रकरणांत ही मान्यता संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची परिषद देते. वर्तमानपत्रात ‘इतक्या हजार कोटींच्या खरेदीला मंजुरी’ असा मथळा येतो तो बहुतेक वेळा याच टप्प्याचा असतो. एओएन म्हणजे ऑर्डर नव्हे. निविदा, तांत्रिक छाननी, मैदानी चाचण्या, किमतीची बोलणी, वित्त विभागाची संमती आणि करारावरची सही हे सगळं त्याच्यापुढे आहे. आयडेक्सच्या वस्तूंसाठी 2022 मध्ये हा रस्ता आखूड केला, एओएनपासून करारापर्यंत साधारण 22 आठवडे धरले आहेत, आणि एकाच पुरवठादाराकडून घेण्याची मुभाही आहे. ही सवलत मोठी आहे, पण 22 आठवड्यांची मोजणी एओएनपासून सुरू होते. त्याआधीचा काळ तू तुझ्या हिशेबात धरलेला नाहीस.

चाचण्यांचंही तेच. नेहमीच्या खरेदीत मैदानी चाचणी ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’ या अटीवर होते. संच नेण्या-आणण्याचा आणि माणसांच्या राहण्याचा खर्च तुमचा, आणि पुढे घेतीलच याची हमी नाही. इलेक्ट्रॉनिक वस्तू जेएसएस 55555 या मानकाप्रमाणे उष्णता, थंडी, दमट हवा, धक्के, बुरशी अशा सगळ्यांतून जावी लागते. नागपूरच्या मे महिन्यात शेडमध्ये चालला म्हणजे संच सिद्ध झाला असं होत नाही. प्रयोगशाळेचे दर आजच मागवून ठेव.

आता माणसांबद्दल. तुमचा संच ज्या अधिकाऱ्याला मनापासून आवडला आहे, त्याच्या हातात पैसे नाहीत. मंजुरीचा अधिकार सीएफएकडे, म्हणजे सक्षम वित्तीय अधिकाऱ्याकडे असतो, आणि खर्चाच्या ठरावीक मर्यादेपुढे त्यालाही वित्तीय सल्लागाराची संमती लागते. शिवाय दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली. नवे साहेब येतात, त्यांना तुमचं काहीच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक प्रात्यक्षिकाचा अहवाल, प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त कागदावर आणून घे. फोनवरचं कौतुक फाइलला लागत नाही. चाचणीचा सहीचा अहवाल मात्र पुढच्या साहेबांच्या टेबलावरही तितकाच चालतो. संकोच करू नकोस, विनयाने मागितलं तर देतात.

बजेटचा आकडा ऐकून हुरळूनही जाऊ नकोस. 2025-26 मध्ये संरक्षणाची तरतूद 6.81 लाख कोटी होती, त्यात भांडवली 1.80 लाख कोटी. पण भांडवली रकमेतला मोठा भाग आधीच सही झालेल्या करारांच्या हप्त्यांत जातो. नव्या करारांना उरतं ते कमी, आणि 31 मार्चपर्यंत खर्च झालं नाही तर ते परत जातं. जानेवारीनंतर कचेऱ्यांत जी घाई दिसते ती यामुळे.

म्हणूनच मला वाटतं की तू फक्त दिल्लीकडे बघू नकोस. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या नागपुरातच, वायुसेनानगरात आहे. दुरुस्तीचे डेपो, सुटे भाग, देखभाल हे सगळं त्यांचं काम, आणि तुझा संच नेमका देखभालीचा आहे. अशी बरीच खरेदी महसुली, म्हणजे चालू खर्चाच्या, तरतुदीतून होते. तिचे नियम वेगळे, रकमा लहान आणि अधिकार खालच्या पातळीपर्यंत दिलेले. या खरेदीची नवी नियमावली, डीपीएम 2025, 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. ती मूळातून वाच. देशात प्रथमच विकसित होणाऱ्या वस्तूंना विकासाच्या काळात उशिराचा दंड नाही, आणि पाच वर्षांपर्यंत ठरावीक संख्येच्या ऑर्डरची हमी देण्याची सोय तिच्यात आहे. छोट्या कंपनीला बँकेकडे जाताना असा कागद फार उपयोगी पडतो. माझ्या मते तुझी पहिली ऑर्डर इथूनच यावी.

दुसरा रस्ता मोठ्या कंपनीचा पुरवठादार होण्याचा. अमरावती रोडवर बाजारगावला तयार झालेलं नागास्त्र हे हल्ल्याचं ड्रोन लष्कराने घेतलं, 480 नगांची ऑर्डर होती. यंत्र इंडिया या सरकारी संरक्षण कंपनीचं मुख्यालय अंबाझरीलाच आहे. अशा घराशी जोडून घेतलं तर निविदेचा बोजा त्यांच्यावर राहतो, पण तुझं नाव मागे पडतं आणि पैसेही त्यांच्याकडून येतील तेव्हाच येतात. उद्यम, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करून ठेव. तिच्यामुळे अनामत रकमेतून सूट मिळते, आणि माल स्वीकारल्यावर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन खरेदीदारावर येतं. बिल ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर टाकून आधी पैसे उचलता येतात, तेही शिकून घे.

सुट्या भागांची यादी मला काळजीची वाटली. सेन्सर आणि रेडिओ मॉड्यूल कुठून घेतलंय, ते लिहिलेलं नाही. 2025 च्या सुरुवातीला चिनी भागांच्या कारणावरून लष्कराने 400 ड्रोनचे करार रद्द केल्याच्या बातम्या आल्या होत्या. एकेका भागाचा उगम कागदावर असू दे. पर्यायी भाग आत्ता महाग वाटला तरी आत्ताच बदल. चाचणी झाल्यावर बदललास तर पुन्हा चाचणी.

आणि ‘दिल्लीत माझी ओळख आहे, दोन टक्क्यांत काम करून देतो’ म्हणणारे लोक निवडीची बातमी कळताच येतील. त्यांना दारातूनच परत पाठव. संरक्षणाच्या करारात दलालीबद्दल स्पष्ट कलम असतं. ते मोडल्याचं निघालं तर करार जातो आणि कंपनीला पुढे व्यवहारबंदी होते. सल्लागार हवा असेल तर त्याला कामाचे ठरावीक पैसे दे आणि त्याचं बिल घे.

दहा माणसांऐवजी सध्या दोघं घे, एक चाचण्यांची कागदपत्रं सांभाळणारा आणि एक हार्डवेअरचा. नोकरी पहिला हप्ता खात्यात आल्यावर सोड. पुढच्या अठरा महिन्यांत एकही ऑर्डर आली नाही असं धरून महिन्यागणिक खर्चाचा तक्ता कर. करारनाम्यावर सही करण्याआधी हप्त्यांची आणि बौद्धिक संपदेची कलमं मला स्कॅन करून पाठव. डीआरडीओच्या टीडीएफ, म्हणजे तंत्रज्ञान विकास निधी, योजनेत ही मालकी दोघांची मिळून असते, तुमच्या कागदात नेमकं काय लिहिलंय ते शब्द न् शब्द बघायला हवं.

तुझा,
काका