रग्बी लीगमध्ये क्लबच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये कोण हवं, यावर चाहते इतके का भांडतात? तुमच्या मते निकष काय असावा?

माझा निकष दोन प्रश्नांचा आहे. त्या खेळाडूने याच क्लबची जर्सी घालून काय केलं? आणि तो आलाच नसता, तर क्लबचा इतिहास वेगळा झाला असता का? देशाकडून किती खेळला, पुढे कुठे प्रशिक्षक झाला, किती वर्षं टिकला, हे सगळं त्यानंतर. भांडणं होतात ती बहुतेक या क्रमावरूनच.

मी इंग्लंडच्या उत्तरेला विगनमध्ये राहतो, म्हणून उदाहरणं विगन वॉरियर्सची देतो. हे गाव कोळशाच्या खाणींचं आणि कापडगिरण्यांचं. सामन्यापायी कामगार खेळाडूंचा मजुरीचा खाडा व्हायचा. तो भरून द्यावा की नाही, यावरून १८९५ साली उत्तरेकडचे क्लब मूळ रग्बीतून बाहेर पडले. त्यांत विगन होता. तेरा खेळाडूंचा आजचा रग्बी लीग त्या फुटीतून उभा राहिला. इथे आजोबा, मुलगा आणि नातू एकाच स्टँडमध्ये बसतात आणि तिघांची तीन वेगळी दैवतं असतात. वाद न होईल तर नवल.

काही नावांवर कोणी चकार शब्द काढत नाही. जिम सलिव्हन १९२१ मध्ये वेल्समधून सतराव्या वर्षी इथे आला आणि विगनकडून ७७४ सामने खेळला, २,३१७ गोल मारले (गोल म्हणजे पायाने मारून चेंडू खांबांमधून पार करणं). बिली बॉस्टनही वेल्सचाच, कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला. ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय (ट्राय म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं). म्हणजे जवळजवळ दर सामन्याला एक! २०२५ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेला हा पहिलाच. मला विचाराल तर तो काही दशकं उशिरा मिळाला. १९५७ मध्ये ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकानंतर दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळायला गेला, तेव्हा तिथल्या वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय बॉस्टन यांना सोबत जाता आलं नव्हतं.

खरी गंमत आकड्यांच्या पलीकडे सुरू होते. बॉस्टन विंगला, मैदानाच्या कडेला. त्यांच्या आतल्या बाजूला सेंटरच्या जागी एरिक अ‍ॅश्टन, बरीच वर्षं संघाचा कर्णधार. जुन्या चित्रफिती मिळाल्या तर चेंडू सोडून फक्त अ‍ॅश्टनकडे बघा. तो सरळ धावत समोरच्या बचावपटूला स्वतःकडे ओढून घेतो, तो झेपावेपर्यंत चेंडू हातातच ठेवतो आणि अगदी शेवटच्या क्षणी बाहेर सरकवतो. बॉस्टन यांना चेंडू मिळतो तेव्हा पुढ्यात मोकळं मैदान किंवा फार तर एकटा फुलबॅक, म्हणजे सगळ्यांत मागे थांबणारा बचावपटू. नोंद होते ट्राय करणाऱ्याची. तरी मी अ‍ॅश्टनला बॉस्टन यांच्या खालोखाल नाही, बरोबरीने बसवेन.

आता अ‍ॅश्टनबद्दलचा आक्षेप ऐका. जन्म सेंट हेलेन्सचा, म्हणजे आमच्या हाडवैऱ्यांच्या गावचा. १९५९ मध्ये या दोन क्लबांचा सामना बघायला आमच्या जुन्या सेंट्रल पार्क मैदानावर ४७,७४७ माणसं लोटली होती, यावरून वैराची कल्पना यावी. अ‍ॅश्टन पुढे त्याच सेंट हेलेन्सचा प्रशिक्षक झाला आणि १९७६ मध्ये त्यांना चॅलेंज कप जिंकून दिला. ही रग्बी लीगची जुनी बाद फेरीची स्पर्धा, तिचा अंतिम सामना लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर. काही लोकांना हे अजून पचत नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. विगनच्या जर्सीत तो जवळपास पाचशे सामने खेळला, कर्णधार म्हणून सहा वेळा वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यात संघ घेऊन गेला. निवृत्तीनंतर माणसाने कुठे नोकरी धरली, याचा हिशेब आपण कशाला मांडायचा? एलेरी हॅनली १९९१ मध्ये लीड्सला गेला, म्हणून त्याची विगनमधली वर्षं पुसली जातात का? १९८६-८७ च्या हंगामात स्वतः विंगर नसूनही त्याने विगनकडून ५९ ट्राय केले होते.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो फॉरवर्ड, म्हणजे अंगाला अंग भिडवून खेळणाऱ्या धिप्पाड खेळाडूंवर. कबड्डीत चढाईचे गुण सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण घोट्यात पकड घेऊन चढाईपटूला थोपवणाऱ्या कोपरारक्षकाचं नाव दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही; फॉरवर्डच्या पहिल्या फळीतल्या प्रॉपचं तसंच आहे. ब्रायन मॅकटीग हा माझा माणूस. दोन-तीन जण अंगाला झोंबलेले असताना मोकळा राहिलेला हात बाहेर काढून तो असा पास द्यायचा, की पाठीमागून येणाऱ्याला वेग कमी करावाच लागू नये. १९५९ च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात हल क्लबला ३०-१३ असं हरवलं, तेव्हा सामनावीराची लान्स टॉड ट्रॉफी विंगरला किंवा सेंटरला नाही, या प्रॉपला मिळाली. मतं मागवली की त्याच्यासारखे मागे पडतात, कारण ट्रायच्या यादीत ते खाली असतात. म्हणून निवड नुसत्या मतदानावर सोडू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

आणि आता ज्यावर सगळ्यांत जास्त आवाज चढतात ते नाव: ब्रेट केनी. ऑस्ट्रेलियाच्या पॅरामॅटा क्लबचा हा खेळाडू विगनकडे १९८४-८५ चा एकच हंगाम खेळला. विरोधक म्हणतात, एका हंगामाच्या पाहुण्याला सलिव्हनच्या पंगतीला कसं बसवता? बिनतोड वाटतं. पण त्याआधीची अवस्था आठवा. १९८० मध्ये विगन दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. चॅलेंज कप जिंकून वीस वर्षं झाली होती. १९८४ मध्ये वेम्ब्लीला पोचले आणि विडनेसकडून हरून परत आले. मग १९८५ चा अंतिम सामना, पुन्हा हलविरुद्ध, आणि पलीकडे केनीचाच पॅरामॅटातला जोडीदार पीटर स्टर्लिंग. सामन्याआधी ओळख करून देण्यासाठी खेळाडू रांगेत उभे असताना केनी खिशात हात घालून उभा. मग पहिल्याच सत्रात चेंडू घेऊन त्याने बाहेरच्या अंगाने असं वळण घेतलं की फुलबॅकचे हात त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. विगन २८-२४ ने जिंकलं आणि लान्स टॉड ट्रॉफी केनीला.

त्या संघात अठरा वर्षांचा शॉन एडवर्ड्स होता, विगनचाच पोरगा. पुढे १९८८ ते १९९५ सलग आठ चॅलेंज कप आले आणि १९८५ धरून एडवर्ड्स या नऊही विजयांत होता. १९९० मध्ये तर सामना सुरू होतो न होतो तोच गालाचं हाड मोडलं, तरी तो मैदानातून हटला नाही. जिंकायचं कसं हे त्या पिढीने १९८५ च्या दुपारी शिकलं, असं मी मानतो. माझ्या दुसऱ्या प्रश्नावर केनी उत्तीर्ण होतो. मी त्याला आत घेईन.

अर्थात त्याला इथे आणणारी माणसंही होती. १९८२ मध्ये मॉरिस लिंडसे आणि आणखी तिघांनी क्लबचा कारभार हाती घेतला नसता, तर हे काहीच घडलं नसतं. जर्सी न घातलेल्या अशा माणसांसाठी वेगळं दालन करा, पण ते हवंच.

सॅम टॉम्किन्सचं उत्तर त्यामानाने सोपं आहे. तो आत, पण हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ‘मॅन ऑफ स्टील’ या २०१२ च्या सन्मानाच्या जोरावर. २०२१ चा दुसरा सन्मान त्याने फ्रान्सच्या कॅटलान्स ड्रॅगन्सकडून मिळवला, तो त्यांचा.

बेव्हन फ्रेंचला आत्ताच घ्या म्हणणारे पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये हल एफसीविरुद्ध एका सामन्यात सात ट्राय, २०२४ च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या सामन्यात, हलच्याच दुसऱ्या क्लबविरुद्ध, हल केआरविरुद्ध सामन्यातला एकमेव ट्राय. मलाही तो जीव की प्राण. तरीही खेळत्या माणसाला आत घेऊ नये. निवृत्त होऊन निदान पाच वर्षं जाऊ द्यावीत. तोवर जल्लोष ओसरतो, आणि त्याच्या शेजारी उभं राहून कोणी पकडी केल्या, कोणी पास दिले, तेही नीट दिसू लागतं.