पंखवाली गाडी कुठली?

प्रश्न: आजोबांच्या वहीत मासिकातून कापलेला एक फोटो सापडला, छोटी गाडी रस्त्यावर उभी आणि मागे विमानाचे पंख दुमडून ट्रेलरसारखे जोडलेत, शेपटीच्या टोकाला पंखा. खाली नावच नाही. कुठली असेल ही? – एक वाचक, फोंडा

उत्तर: तुमच्या वर्णनावरून तरी ही मोल्ट टेलर यांची एरोकार, म्हणजे उडणारी गाडी वाटते. अमेरिकेतली, पहिलं उड्डाण 1949, आणि सरकारी सर्टिफिकेट मिळालं 1956 ला. पंख सोबत ओढत न्यायचे ही तिची खास खूण, कारण फुल्टनच्या एअरफिबियन या दुसऱ्या उडत्या गाडीत पंख-शेपटी एअरपोर्टवरच ठेवून यायचं आणि तिचा पंखा पुढे नाकावर, तोही काढून ठेवायचा. 1947 ची कॉनव्हेअरकार तर लगेच ओळखू येते, नेहमीची गाडी आणि टपावर इंजिनासकट अख्खं विमानच बसवलेलं! कर्टिसची 1917 ची ऑटोप्लेन असती तर पंखांचे तीन मजले दिसले असते (ती जेमतेम उड्या मारण्यापुरतीच उडाली म्हणतात). एरोकारही मोजक्याच बनल्या, आणि खरं सांगू, तो ट्रेलर घेऊन चोर्ला घाटात वळणं घ्यायची तर ड्रायव्हरची वाटच लागेल. कात्रणाच्या मागच्या बाजूला तारीख-बिरीख छापलीय का बघा, 1949 च्या आधीची असेल तर मात्र फोटो पाठवाच.