जर्मनीतल्या हायडलबर्गचा क्लेमेन्स ब्रेंटानो साहित्य पुरस्कार मिळण्यासाठी त्या शहराचं रहिवासी असावं लागतं का?

नाही, रहिवासाची अट नाही. अट भाषेची आहे, पुस्तक जर्मनमध्ये लिहिलेलं हवं. पुरस्कार हायडलबर्ग शहर 1993 पासून देतं, रक्कम 10,000 युरो, आणि तो पहिल्या काही पुस्तकांतच समीक्षकांचं व वाचकांचं लक्ष वेधून घेणाऱ्या लेखकांसाठी आहे. जुन्या मानकऱ्यांची नावं पाहिली तरी हे कळतं: 2011 चे मानकरी वोल्फगांग हेर्नडॉर्फ जन्माने हाम्बुर्गचे, राहायला बर्लिनला. शहराचा संबंध आहे तो पुरस्काराच्या नावापुरता. ज्यांचं नाव पुरस्काराला आहे ते कवी ब्रेंटानो आणि त्यांचे लेखक-मित्र आखिम फॉन आर्निम यांनी जर्मन लोकगीतांचा आपला प्रसिद्ध संग्रह इथेच तयार केला.

मला या पुरस्काराची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्याची निवड समिती. तिच्यात व्यावसायिक समीक्षकांच्या बरोबरीने हायडलबर्ग विद्यापीठाच्या जर्मन विभागातले विद्यार्थीही बसतात. नव्या लेखकाचं पुस्तक त्याच्याच पिढीच्या वाचकांनी बारकाईने वाचून त्यावर वाद घालावा, यापेक्षा चांगली दाद कोणती!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पुरस्कार दरवर्षी एकाच साहित्यप्रकाराला मिळतो आणि कथा, निबंध, कादंबरी, कविता असे प्रकार आळीपाळीने येतात. त्यामुळे तुमची कादंबरी कितीही चांगली असली, तरी कवितेच्या वर्षी तिचा विचार होणार नाही. तुम्ही मराठीत लिहीत असाल, तर हा पुरस्कार तुमच्यासाठी नाही.