लपू दे, पण उपाशी राहू देऊ नको

पोरी,

पिल्लू नको, ती चार वर्षांची करडी मांजरीच आणायची ठरवलीस हे ऐकून लई बरं वाटलं. आई म्हणतीय ना, एवढी मोठी झालेली आता कसला लळा लावणार? लावती गं. पिल्लं पटकन कुणीतरी घेऊन जातं, मोठी तशीच रेस्क्यूवाल्यांकडं राहतात. आणि दिवसभर नोकरीवर असणाऱ्या तुला मोठीच बरी, स्वभाव आधी कळलेला असतो.

आणल्यावर तिला सगळं घर दाखवत बसू नको. एकच खोली दे, एका कोपऱ्यात खाणं-पाणी, लिटरचा ट्रे (शी-शूसाठी वाळू भरलेला) लांब दुसऱ्या कोपऱ्यात, आणि लपायला एक आडवं खोकं. ती पलंगाखाली जाऊन बसेल, बसू दे, ओढून काढायचं नाही, तू आपली तिथंच खाली बसून मोबाईल बघ नाहीतर तिच्याशी हळू बोल, टक लावून बघू नको, नजरानजर झालीच तर सावकाश डोळे मिटून उघड. नव्या घरात रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सांगतात लोक, पण तो अंदाज झाला, एखादीला त्याहून जास्त लागतात आणि त्यात तुझं काही चुकलेलं नसतं.

लपली म्हणून घाबरू नको, खाल्लं नाही तर मात्र घाबर. पूर्ण दिवस तोंडच लावलं नाही तर डॉक्टरला फोन कर, दोन-तीन दिवस वाट बघायची नाही, कारण उपाशी मांजराच्या अंगातली चरबी लिव्हरमधे साठत जाते आणि त्यात जीव जाऊ शकतो, जाड मांजरांना तर जास्तच धोका. म्हणून ती आत्ता जे खातीय तेच थोडं मागून आण, बदल नंतर आणि हळूहळू. ट्रेमधे शू होतीय का तेही रोज बघ.

दूध-भातावर मांजर जगत नाही, तिला मांसातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. दूध तर बऱ्याच मोठ्या मांजरांना पचतच नाही, जुलाब होतात. आणि आपल्याकडं रश्श्यातला तुकडा धुऊन टाकायची सवय आहे, ते अजिबात नको, कांदा-लसूण मसाला धुतला तरी राहतो आणि कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. नुसतं पाण्यात उकडलेलं चिकन दे. फरशीला फिनेल बंद कर, ती पाय चाटते आणि ते विष पोटात जातं. पॅरासिटामॉल तर एक गोळीसुद्धा जीव घेते, तापलेली वाटली तरी घरातलं औषध द्यायचं नाही.

रेबीज आणि ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची) लस, जंताचं औषध, नसबंदी, यातलं काय झालंय त्याचा कागद मागून घे. साताऱ्यात डॉक्टर आधीच बघून ठेव, शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय पण आपल्याच जिल्ह्यात आहे. चावली किंवा ओरखडलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, आईला घाबरून लपवू नको.

खिडक्यांना जाळी ती यायच्या आधी बसव. आणि स्कूटीवर मांडीवर धरून आणायचा विचार असेल तर सोडून दे, पोवई नाक्याच्या हॉर्नला ती उडी मारेल. माझ्याकडं कॅरियर आहे, शनिवारी येऊन घेऊन जा.

तुझी मावशी