पायाचे खोदकाम सुरू करण्यापूर्वी जमिनीखालची केबल आणि पाण्याची लाईन सुरक्षितपणे कशी उघडी करावी? जीपीआर (रडारच्या लहरींनी जमिनीखाली पाहणारी) तपासणी पुरेशी आहे का?

आपला प्रश्न वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. सांगलीच्या विश्रामबागेत रस्त्यालगत आपला प्लॉट आहे, पुढच्या बाजूने ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) केबल आणि महापालिकेची पाण्याची लाईन गेली आहे, वीज कार्यालयाने नकाशा दिला आहे, कंत्राटदार म्हणतो की नकाशा हातात असताना थेट जेसीबी लावू, आणि आर्किटेक्ट म्हणतात की जीपीआर तपासणी करून घेतली की काळजी मिटली, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते दोघेही चूक आहेत. नकाशाने आणि यंत्राने फक्त खड्डा कुठे घ्यायचा तेवढे सांगायचे असते. केबल नेमकी कुठे आहे हे त्या खड्ड्यात डोळ्यांनी पाहिल्यावरच ठरते, आणि ती दिसेपर्यंत त्या पट्ट्यात बकेटचा दात लागता कामा नये.

मी सांगली-मिरज-कुपवाड भागात साईट सुपरवायझर म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये मिरज रस्त्यावरील एका व्यापारी इमारतीच्या कामावर होतो. ड्रेनेज जोडणीसाठी कुंपणाच्या बाहेरून, रस्त्याला समांतर असा चर घ्यायचा होता. नकाशात केबल कुंपणापासून १.२ मीटरवर दाखवली होती, आणि आम्ही चराची आखणी २.५ मीटरवर केली होती, म्हणजे कागदावर भरपूर अंतर होते. तरीही मी चार ठिकाणी आडवे चाचणी खड्डे घेऊ द्यावेत अशी मागणी केली आणि साईटच्या रजिस्टरमध्ये ती लिहूनही ठेवली. दोन बिगारी आणि दोन दिवस, एवढाच त्याचा खर्च होता. आमचे प्रकल्प अभियंता सगळ्यांसमोर म्हणाले, "मग नकाशा कशासाठी आणला?" जेसीबी तासावर भाड्याने आणलेला होता. मी गप्प बसलो, आणि नकाशाप्रमाणे फक्की मीच मारली.

सकाळी काम सुरू झाले. जत तालुक्यातून आलेले एक वयस्क बिगारी, ज्यांना साईटवर सगळेच नुसते मामा म्हणत, चराच्या कडेला फावडे घेऊन उभे होते. दुसऱ्या बकेटला ते ओरडले, "साहेब, माती बदलली, थांबवा." मी वाकून पाहिले. बकेटमधून पडलेल्या काळ्या ढेकळांत अर्धी लाल वीट होती आणि तिच्या एका अंगाला नदीची वाळू चिकटलेली होती. आपल्या काळ्या मातीत अशी स्वच्छ वाळू आपोआप सापडत नाही. ती दिसली की कोणीतरी ती तेथे आणून टाकली आहे असे समजायचे, आणि वाळूवर विटांचा थर देऊन केबल झाकण्याची रीत जुनी आहे. मी हात वर केला. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिले, मग अभियंत्यांकडे पाहिले, आणि त्यांनी पुढे चालू ठेवण्याची खूण केली. तिसऱ्या बकेटला पांढरा-निळा लोळ उठला. समोरच्या दुकानांतले पंखे मंदावत थांबले, ते मला अजून दिसतात. मामांचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि एक गाल भाजला. ऑपरेटर घाबरून खाली उतरू लागला, त्याला मी ओरडून केबिनमध्येच बसवले. आम्ही मामांना उचलून लांब नेले, आणि त्यानंतर काही मिनिटांतच त्याच जागी दुसऱ्यांदा लोळ उठला, कारण फीडर (त्या भागाला वीज पुरवणारी मुख्य लाईन) बंद पडल्यावर तो पुन्हा चालू करून पाहिला गेला होता. म्हणून सांगतो, तुटलेल्या केबलमधली वीज गेलेली आहे असे कधीही धरू नका. ज्यांची लाईन आहे त्यांनी ती बंद करून, अर्थिंग करून तसे सांगेपर्यंत तिच्या जवळ कोणीही जायचे नाही, आणि यंत्राला आग लागलेली नसेल तर ऑपरेटरने जागा सोडायची नाही. उतरणे भागच पडले, तर यंत्राला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पावले न उचलता, जमिनीला घासत दूर जायचे.

मामा तीन आठवडे मिरजेच्या दवाखान्यात होते. उजव्या हाताची मूठ त्यांना त्यानंतर पुरती वळता आली नाही. चौकशीच्या कागदात लिहिले गेले की बिगारी सुरक्षित अंतरावर उभा नव्हता. ज्या माणसाने माती ओळखली आणि थांबवा म्हणून सांगितले, त्याच्याच नावावर दोष गेला.

केबल तेथे कशी आली, हे नंतर मोजून पाहिले. रस्तारुंदीत जुने कुंपण पाडून ते १.३ मीटर आत बांधले गेले होते, आणि नकाशातले माप जुन्या कुंपणापासूनचे होते. खोलीही जुळत नव्हती. आयएस १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे ११ केव्हीची केबल किमान ०.९ मीटर खोल असायला हवी. ती टाकताना तशी असेलही, पण बाजूपट्टी खरवडली गेल्याने ती ०.५५ मीटरवर निघाली. याच्या उलटही घडते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर सांगलीत जेथे भराव टाकून रस्ते उचलले गेले, तेथे जुनी लाईन नकाशातल्या खोलीपेक्षा बरीच खाली सापडू शकते. म्हणून खोलीचा आकडा वाचताना तो कोणत्या पातळीपासून आणि केव्हा मोजला, हे आधी विचारावे.

ते अभियंता मला गेल्या वर्षी एका लग्नात भेटले आणि पुन्हा तेच म्हणाले, "नकाशा चुकीचा होता, आपला काय दोष?" तेव्हा मंडपात मी उत्तर दिले नाही, ते येथे देतो. जमिनीखालचा नकाशा चुकीचा असू शकतो हे गृहीत धरूनच खोदकामाची पद्धत ठरलेली आहे. तो बिनचूक असता, तर चाचणी खड्ड्याची गरजच उरली नसती. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे, म्हणजे हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे, उघडणारी माणसे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. काही वेळ तोंड मोकळे ठेवून, आधी कंदील सोडून पाहत. आत हवा आहे की नाही हे त्यांनी कधी कोणाच्या शब्दावर मानले नाही.

आता जीपीआरबद्दल. कोरड्या मुरमात किंवा वाळूत ही तपासणी चांगली चालते, साताऱ्याकडच्या जांभ्या-मुरमाच्या जमिनीत तिचा उपयोगही होतो. पण आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे आणि ओल धरून ठेवण्याची तिची सवय, त्यामुळे रडारच्या लहरी लवकर विरतात आणि ओलसर जमिनीत बहुधा एक मीटरच्या आतच चित्र धूसर होते. म्हणजे आपली ११ केव्हीची केबल जेथे असायला हवी, नेमके तेथेच. अहवालात काही दिसले नाही याचा अर्थ खाली काही नाही असा आर्किटेक्टनी काढू नये. त्यापेक्षा केबल लोकेटर (केबलमधला सिग्नल जमिनीवरून टिपणारे यंत्र) येथे जास्त कामाचा आहे, पण त्याच्याही मर्यादा आहेत. नुसते फिरवून तो चालू प्रवाहाची चाहूल घेतो, त्यामुळे दिवसा बंद असलेल्या पथदिव्यांच्या केबलवर तो गप्प राहतो. म्हणून ट्रान्समीटर लावून, लाईनवर सिग्नल सोडूनच तपासावे. पीव्हीसी, एचडीपीई आणि जुन्या सिमेंटच्या पाइपांवर सिग्नल बसतच नाही, आणि आपली पाण्याची लाईन यांपैकीच असण्याची शक्यता मोठी आहे. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारचे 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू झाले आहे, त्यावर खोदकामाची नोंद अवश्य करा. मात्र शेजाऱ्याची बोअरची लाईन किंवा सोसायटीने स्वतः टाकलेली केबल त्यावर दिसणार नाही. त्यासाठी शेजारच्या जुन्या रहिवाशांकडे आणि त्या भागातल्या वायरमनकडे चौकशी करावी.

खड्डा घेताना तो लाईनच्या अंदाजित रेषेला आडवा, साधारण अर्धा मीटर रुंद असा घ्यावा, लांबी मात्र अंदाजापेक्षा दोन्हीकडे दीड-दोन मीटर जास्त ठेवावी, कारण चूक बहुतेक वेळा आडवीच असते. डांबर किंवा काँक्रीटचा वरचा थर फोडण्यापुरतेच ब्रेकर वापरावे, त्याच्या खाली नाही. पुढे फावडे आणि घमेले. टिकाव वापरायचाच असेल तर वरच्या थरापुरता. पहार मात्र साईटवरून उचलून बाहेर ठेवावी, याबाबत मी कोणाचे ऐकत नाही. जेसीबीच्या ऑपरेटरभोवती निदान केबिन असते. पहार मारणाऱ्याच्या हातात सलग लोखंड असते, आणि काळ्या मातीत ती सहज आत जात असल्याने तो जोर लावून मारतो. वाळू, विटेचा तुकडा, फरशी किंवा धोक्याची प्लॅस्टिक पट्टी यांपैकी काहीही दिसले की फावडेही बाजूला ठेवावे आणि खुरप्याने, थापीने, हाताने माती बाजूला करावी. फावड्याचे पाते उभे न मारता आडवे ठेवून खरवडावे. मामांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली होती: न हललेली काळी माती फावड्याखाली गुळगुळीत, चकचकीत कापली जाते, आणि एकदा उकरून भरलेली माती खरबरीत तुटते, तिच्यात मुरमाचे पिवळे दाणे दिसतात. ही रेषा खड्ड्याच्या भिंतीत उभी दिसते, आणि जुना चर किती रुंद होता ते त्यावरून कळते.

पहिली केबल सापडली म्हणून थांबू नका. तिच्या शेजारी दुसरी असते, कधी खालीही असते. सापडलेली केबल उचलू नका, वाकवू नका, तिच्यावर पाय देऊ नका. जुन्या केबलचा जॉइंट असेल तर तो हालचाल सोसत नाही. पाण्याच्या लाईनचे वळण आणि त्याच्या मागे काँक्रीटचा ठोकळा लागला, तर ठोकळ्यामागची माती काढू नका. पाण्याचा जोर त्या मातीवरच पेललेला असतो.

प्रत्येक खड्ड्याचे माप घ्यावे आणि ते कुंपणापासून नव्हे, तर पाडले जाणार नाही अशा दोन पक्क्या खुणांपासून घ्यावे. फोटोत टेप दिसला पाहिजे. मग दोन खड्ड्यांमधली रेषा फक्कीने जोडावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर यंत्र नेऊ नये. ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शनातही साधारण एवढेच अंतर सांगितले आहे. खड्डे भरताना वाळू, वीट आणि पट्टी पुन्हा जशीच्या तशी घालावी, म्हणजे पुढच्या माणसालाही माती बदललेली दिसेल.

परदेशात हे काम हवेच्या किंवा पाण्याच्या झोताने माती सैल करून ती नळीने ओढून घेणाऱ्या यंत्रांनी होते, आणि ती पद्धत खरोखर उत्तम आहे, पण एका घराच्या पायासाठी ते यंत्र येथे आणणे परवडणार नाही. शिवाय आपल्या मातीत नुसती हवा पुरत नाही, पाणी लागते आणि मग चिखलाची विल्हेवाट लावावी लागते.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. मी वीज अभियंता नाही, त्यामुळे ११ केव्हीच्या केबलजवळचा खड्डा महावितरणला लेखी कळवून, त्यांचा माणूस समोर असताना आणि शक्य असेल तर लाईन बंद ठेवूनच घ्यावा. मी लिहिले म्हणून परस्पर घेऊ नये. खड्डा दीड मीटरपेक्षा खोल जात असेल तर कडांना टेकू हवा आणि काढलेली माती काठापासून किमान दीड मीटर लांब हवी, हे आयएस ३७६४ मध्ये आहे, आणि काळ्या मातीत तर मी त्याआधीच टेकू लावतो, कारण उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांवरून कडा एकदम सुटतात. जूनचा पहिला पाऊस झाल्यावर हे काम काढू नये, खड्ड्यात पाणी साचले की केबल दिसत नाही आणि माणूस पाण्यात उभा राहतो.

कंत्राटदार दोन दिवस वाया जातील असे म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका. दोन बिगाऱ्यांची दोन दिवसांची मजुरी आपण स्वतः, वेगळी द्या, आणि त्या दोन दिवसांत जेसीबी साईटवर बोलावूच नका.