पीएसपीवर (सोनीच्या हातात धरून खेळायच्या गेम यंत्रावर) कानबाईची गाणी आणि घरच्या चित्रफिती टाकण्यासाठी मीडिया गो हे सोनीचे संगणकावरचे सॉफ्टवेअर लागतेच का?

नाही, आपल्या संगणकावर असलेली कानबाईची अहिराणी गाणी एमपी३ स्वरूपात असतील, तर ती कोणत्याही सॉफ्टवेअरविना पीएसपीत टाकता येतात. सोनीच्या पुस्तिकेतही हीच पद्धत दिलेली आहे: सेटिंग्जमधून यूएसबी कनेक्शन सुरू करून केबल जोडली की मेमरी स्टिक (पीएसपीतले साठवणीचे कार्ड) संगणकाला पेनड्राइव्हसारखी दिसते, आणि गाणी म्युझिक, छायाचित्रे पिक्चर व चित्रफिती व्हिडिओ या नावाच्या फोल्डरांत (नावे इंग्रजी मोठ्या अक्षरांत) ठेवली की ती यंत्राच्या मेनूत आपोआप येतात. चित्रफितींकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते, कारण मोबाइलवर केलेले चित्रीकरण बहुधा तसेच चालत नाही. ते एफएफएमपेगसारख्या मोफत साधनाने एमपी४ स्वरूपात, एच.२६४ मेन प्रोफाइल (चित्र साठवण्याची पद्धत), एएसी (ध्वनी साठवण्याची पद्धत) आणि पडद्याच्या ४८० × २७२ या आकारात बदलून घ्यावे. सोनीने मीडिया गो बंद केलेले असल्याने त्याच्या जुन्या प्रती अनोळखी संकेतस्थळांवरून उतरवू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हे सारे पीएस व्हिटाला, म्हणजे पीएसपीनंतरच्या सोनीच्या यंत्राला, लागू होत नाही. ते यंत्र संगणकाला ड्राइव्ह म्हणून दिसत नसल्यामुळे तेथे सोनीचे कंटेंट मॅनेजर असिस्टंट किंवा मुक्तस्रोत क्यूसीएमए हे संगणकावरचे सॉफ्टवेअर वापरावे लागते.