डायलिसिसच्या दिवशी मुलीला फिटचं औषध कधी द्यावं?

म्हापशाहून आठवड्यातून तीनदा बांबोळीच्या रुग्णालयात हिमोडायलिसिससाठी (मशीनने रक्त शुद्ध करण्यासाठी) जाताना सकाळचं लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध घरीच द्यावं का, असा प्रश्न आहे.

हे औषध लहान रेणूचं, पाण्यात विरघळणारं आणि प्रथिनांना फारसं न चिकटणारं. चार तासांत शरीरातलं जवळपास निम्मं धुऊन निघतं. म्हणून डायलिसिसनंतर, परतीच्या वाटेवर फिट येऊ शकते. डायलिसिसच्या दिवशीचा डोस मशीन सुटल्यावर द्यायचा की सकाळी देऊन वर पूरक डोस द्यायचा, हे नेफ्रॉलॉजिस्टकडून (किडनीच्या डॉक्टरांकडून) मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत लिहून घ्या. १०० मिग्रॅ प्रति मिली सिरप असेल तर २५० मिग्रॅ म्हणजे २.५ मिली, चमचा नको, खुणांची सिरिंजच हवी. बाटली पिशवीत सोबत ठेवा, घरी पोचेपर्यंत थांबू नका.

फेनिटॉइन या फिटच्या दुसऱ्या औषधाचं गणित उलटं. ते सुमारे ९० टक्के अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं असतं, डायलिसिसच्या फिल्टरमधून फारसं जात नाही. पण किडनीच्या आजारात त्याचा मोकळा, म्हणजे न चिकटलेला आणि परिणाम करणारा, भाग वाढतो. रिपोर्टमधली एकूण पातळी कमी दिसली म्हणून डोस वाढवला तर मूल झोकांड्या खाऊ लागतं. तिथे मोकळी पातळीच तपासायला सांगा.

आणि लेव्हेटिरासिटामची पातळी तपासायचं रक्त डायलिसिस संपल्यासंपल्या काढू नये. पेशींतलं औषध नंतर रक्तात परततं, आकडा फसवा येतो.